रंधा यंत्राच्या पात्यांसाठी सहाणयंत्राची निवड

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला बालाघाट जिल्हा १८६७ साली अस्तित्वात आला व १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर ही त्याचीही राजधानी होती. आज तो मध्यप्रदेशात असला तरी गोंदिया आणि भंडारा या शेजारी जिल्ह्यांशी त्याचा व्यवहार, बोली आणि सोयरसंबंध कायम आहेत. जिल्ह्याच्या क्षेत्राचा निम्म्याहून थोडा अधिक भाग वनाच्छादित आहे. सागवान, बिजा, ऐन, हळदू, शिसव आणि बैहरकडील डोंगराळ भागात साल ही येथील प्रमुख इमारती झाडे होत. जेथे लाकूड तेथे वाढई, आणि जेथे वाढई तेथे रंधा, हे ओघानेच आले. पूर्वी हा रंधा हाताचा होता. आता तालुक्याच्या गावीच नव्हे, तर मोठ्या खेड्यांतूनही विजेवर चालणारे रंधा यंत्र दिसू लागले आहे. चौकटी, दारे, पलंग आणि शाळांची बाके यांचे काम त्यामुळे पुष्कळ सोपे झाले. परंतु त्याबरोबर एक नवी अडचणही आली. हातरंध्याचे पाते घरच्या दगडावर पाच मिनिटांत घासून होते. यंत्राचे बारा इंची पाते तसे होत नाही.

ज्यांच्याजवळ सोय नाही त्यांना अशी पाती गोंदियास किंवा नागपुरास धाडावी लागतात. पाती परत येईपर्यंत काम थांबते. ते थांबू नये म्हणून बोथट पात्यांवरच रंधाई चालू ठेवली जाते आणि येथूनच नुकसानीस आरंभ होतो. बोथट पाते लाकूड कापीत नाही, तर ते दाबते व ओरबाडते. यंत्रावर भार वाढतो, मोटर तापते, लाकडाचे टवके निघतात. सर्वांत वाईट म्हणजे तुकडा हाताने जोरात रेटावा लागतो आणि तो मागे उसळला की बोटे पात्यांवर जातात. म्हणून धार हा केवळ कामाच्या सुबकतेचा प्रश्न नसून कारागिराच्या हाताचाही आहे. स्वतःचे सहाणयंत्र घ्यावे असा विचार पुष्कळ कारखानदार करतात तो याचमुळे. मात्र यंत्र घेताना बहुधा मोटर किती अश्वशक्तीची आणि किंमत किती, एवढेच विचारले जाते. विचारावयाच्या गोष्टी याहून निराळ्या आहेत.

पात्याची धातू

पहिला प्रश्न यंत्राचा नसून पात्याचा आहे. बाजारात रंधा यंत्राची पाती मुख्यतः तीन प्रकारच्या धातूंची मिळतात. साध्या कार्बन पोलादाची किंवा अल्प मिश्रणाची पाती स्वस्त असतात व त्यांना धार चटकन लागते. परंतु घासताना ती तापून निळसर झाली की त्यांचे पाणी उतरते. पोलादावर पिवळसर छटा सुमारे २२० अंश सेल्सिअसला आणि निळी छटा सुमारे ३०० अंशांना येते. निळी पडलेली कड कितीही चकाकत असली तरी ती मऊ झालेली असते व सागवानावर अर्धा तासही टिकत नाही. दुसरा प्रकार हायस्पीड पोलादाचा. त्यातील एका सर्वपरिचित जातीत टंगस्टन १८ टक्के, क्रोमियम ४ टक्के आणि व्हॅनेडियम १ टक्का असते. हे पोलाद सुमारे ५५० अंशांपर्यंत आपला कठीणपणा राखते. तिसरा प्रकार टंगस्टन कार्बाइडची कड जोडलेल्या पात्यांचा होय.

बालाघाटसारख्या सागवानी मुलखात या भेदास विशेष महत्त्व आहे. सागवानाच्या लाकडात वाळूच्याच जातीचा सिलिका हा पदार्थ असतो. त्याचे प्रमाण वजनाच्या सुमारे दीड टक्क्यापर्यंत जाऊ शकते. सागवान हाताला मऊ व रंध्याला गोड लागते, तरी पात्याची धार ते लवकर खाते, याचे कारण हेच. केवळ सागवानावर दिवसभर यंत्र चालविणाऱ्यास साधी पाती परवडत नाहीत. त्याने हायस्पीड किंवा कार्बाइडची पाती घेणे इष्ट.

सहाणचाकाची निवड धातूवर अवलंबून असते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी हमखास निसटते. पोलादी पात्यास ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचे चाक लागते. पांढऱ्या किंवा गुलाबी रंगाची चाके या जातीची असतात. कार्बाइडवर हे चाक काहीच करीत नाही. त्यास हिरव्या सिलिकॉन कार्बाइडचे आणि खरे पाहता हिऱ्याच्या कणांचे चाक हवे. उलट हिऱ्याचे चाक वेगाने पोलादावर चालविले तर उष्णतेने हिऱ्यातील कार्बन लोखंडात मिसळू लागतो व महागडे चाक निकामी होते. म्हणून ज्याच्याजवळ दोन्ही प्रकारची पाती आहेत त्याने चाक सहज बदलता येईल असेच यंत्र पाहावे.

कुरुंद हा या भागास परका नाही. नैसर्गिक कुरुंद शेजारच्या भंडारा जिल्ह्यात सापडतो, आणि इंग्रजी भाषेनेही या खनिजाचे नाव भारतीय भाषांतूनच उचलले आहे. लाख व कुरुंदाची भुकटी यांची सहाण करून हत्यारे पाजळण्याची पद्धत आपल्या देशात फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या भट्टीत कृत्रिम घर्षके तयार होऊ लागली व चाकांना एकसारखे दाणे मिळाले, एवढाच काय तो फरक.

काटेकोरपणा कशासाठी

धार तीक्ष्ण असणे हे अर्धे काम होय. रंधा यंत्राच्या रुळात दोन, तीन किंवा चार पाती बसविलेली असतात. ती सर्व सरळ, समान रुंदीची व समान वजनाची असावी लागतात. हे कशासाठी, ते साध्या अंकगणिताने कळते. समजा, रूळ मिनिटास ४,००० फेरे घेतो, त्यात तीन पाती आहेत आणि लाकूड मिनिटास ८ मीटर वेगाने पुढे सरकते. म्हणजे ८ मीटरवर १२,००० काप, अर्थात एका सेंटिमीटरवर १५ काप पडतात. असा पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो. परंतु तिन्हीपैकी एकच पाते किंचित पुढे असेल तर शेवटचा काप त्या एकट्याचाच राहतो. सेंटिमीटरला ५ काप पडून दोन दोन मिलिमीटर रुंदीच्या लाटा लाकडावर उमटतात. पॉलिश दिल्यावर त्या अधिकच उठून दिसतात. ही किंचित म्हणजे किती? १०० मिलिमीटर व्यासाच्या रुळावर अशा लाटेची खोली मिलिमीटरचा सुमारे शंभरावा भाग येते. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो.

पाते पुढेमागे बसले असेल तर ते रुळात पुन्हा बसवून दुरुस्त करता येते. पण पात्याची कड मध्येच पोकळ किंवा एका टोकास तिरकी घासली गेली असेल तर बसविण्याच्या कौशल्याने ती सुधारत नाही. तो दोष सहाणयंत्राचा असतो आणि पुन्हा सहाणयंत्रावरच जातो.

वजनाचीही गोष्ट अशीच. एक पाते दुसऱ्याहून अवघे ५ ग्रॅम हलके झाले व ते रुळाच्या मध्यापासून ४५ मिलिमीटरवर बसले आहे असे धरल्यास, ४,००० फेऱ्यांना सुमारे ४ किलोग्रॅम वजनाइतकी एकांगी ओढ बेअरिंगवर बसते, तीही दर फेऱ्यास दिशा बदलीत. यंत्र घुमू लागते, बेअरिंग गरम होते आणि कारागीर मोटरला दोष देतो. पाती सोनाराच्या काट्यावर तोलून पाहावी. गावात सोनार नसला तरी इलेक्ट्रॉनिक काटा असलेला किराणा दुकानदार असतोच.

यंत्रांचे प्रकार

साधे बेंच ग्राइंडर सर्वांत स्वस्त व सर्वत्र मिळते. आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर त्याची मोटर मिनिटास सुमारे २,८५० फेरे घेते. १५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा कडेचा वेग यामुळे मिनिटास सुमारे १,३४० मीटर पडतो. एवढ्या वेगाने कोरड्या चाकावर पातळ कड काही क्षणांतच निळी पडते. शिवाय बारा इंची पाते केवळ हातात धरून सरळ घासणे निष्णात कारागिरासही साधत नाही. ज्याला हेच यंत्र घ्यावयाचे आहे त्याने समोर सरकपट्टी व पाते पकडणारा चिमटा बसवून घ्यावा. मिनिटास सुमारे १,४२५ फेऱ्यांची मोटर मिळत असल्यास ती पसंत करावी, कारण २०० मिलिमीटरचे चाक लावूनही कडेचा वेग ९०० मीटरच्या आतच राहतो. गोल चाकावर घासल्याने पात्याची उतरण पोकळ होते व कड कमजोर राहते असा एक समज आहे. तो अतिशयोक्त आहे. ३ मिलिमीटर जाडीचे पाते ४० अंशांच्या कोनात १५० मिलिमीटरच्या चाकावर घासले तर ही पोकळी मिलिमीटरच्या चार शतांशांहूनही कमी येते. कड जाते ती उष्णतेने, पोकळीने नव्हे.

दुसरा प्रकार संथ ओल्या चाकाचा. २५० मिलिमीटरचे चाक पाण्याच्या कुंडीत बुडत मिनिटास सुमारे ९० फेरे घेते. कडेचा वेग मिनिटास जेमतेम ७० मीटर असल्याने पाते तापण्याची भीतीच नाही. हातरंधे, पटाशा आणि लहान पाती यांना हे उत्तम. परंतु दोष असा की ते फार सावकाश कापते. पात्यात खिळा लागून एक मिलिमीटरचा खाचा पडला असेल तर तीन पात्यांचा संच सरळ करण्यात दिवसाचा मोठा भाग निघून जातो. जुन्या चौकटींचे लाकूड पुन्हा रंधणाऱ्यांना खिळे लागणारच. त्यांनी याचा विचार करावा.

याच कुळातील आडव्या सपाट दगडाचे यंत्र यांत्रिक रंध्यासाठी अधिक उपयोगी आहे. त्यात २०० मिलिमीटरचा दगड जमिनीशी समांतर फिरतो, वरून पाणी ठिबकते आणि पाते एका पट्टीवर बसवून डावीउजवीकडे सरकविले जाते. या जातीच्या एका प्रचलित जपानी यंत्रात दगड मिनिटास ५६० फेरे घेतो व सुमारे ४०० मिलिमीटर लांबीचे पाते बसते. लहान कारखान्याच्या बारा इंची पात्यांना ते पुरते. दगड मऊ असल्याने तो असमान झिजतो. म्हणून दर काही वेळा तो सपाट करून घ्यावा लागतो व त्याचा खर्च हिशेबात धरावा लागतो.

तिसरा प्रकार खास पात्यांचेच सहाणयंत्र. यात पाते लोखंडी पाटावर चिमट्यांनी किंवा चुंबकाने घट्ट बसते. वाटीच्या आकाराचे चाक मोटरीसह रुळांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, अथवा चाक स्थिर राहून पाटच सरकतो. प्रत्येक फेरीस चाक शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबाने खाली आणता येते. थंड पाण्याची धार सतत पडत असते. तिन्ही पाती एकाच वेळी बसविता आली तर ती आपोआप एकसारखी होतात, हा याचा सर्वांत मोठा गुण. प्लायवुडचे कारखाने व मोठ्या आरागिरण्या हेच यंत्र वापरतात. ते जड, महाग आणि बहुधा त्रिकला विजेवर चालणारे असते. तीन पात्यांचे एकच रंधा यंत्र बाळगणाऱ्या वाढयाने कर्ज काढून ते घेणे शहाणपणाचे नव्हे. पाच-दहा कारखान्यांनी मिळून घेतल्यास मात्र याच्यासारखे दुसरे नाही.

हिशेब

मुळात यंत्र घ्यावे की नाही, हे आकड्यांनी ठरवावे. समजा, यंत्राची किंमत ६०,००० रुपये आहे. एक संच बाहेरून धार लावून आणण्यास मजुरी व जाण्यायेण्यासह ४०० रुपये पडतात आणि तोच संच घरी घासण्यास वीज, चाकाची झीज व वेळ मिळून १०० रुपये लागतात. संचामागे ३०० रुपये वाचले, तर किंमत भरून येण्यास २०० संच घासावे लागतील. आठवड्यास एक संच लागणाऱ्या कारखान्यास याला सुमारे चार वर्षे लागतात. महिन्यास एक लागणाऱ्यास सोळा वर्षांहून अधिक. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या कारागिराने यंत्राऐवजी पात्यांचे तीन संच ठेवावे. एक यंत्रात, एक तयार व एक धारेसाठी बाहेर, अशी पाळी लावल्यास काम थांबत नाही. याखेरीज तेल लावलेला बारीक दगड जवळ बाळगून, मुख्य वीज तोडून व रूळ घट्ट अडकवून, बसलेल्या पात्यांवरून तो हलकेच फिरविल्यास दोन सहाणींमधील अंतर बरेच वाढते.

२०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा अंतर्भाव आहे. योजनेच्या नियमांत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ठेवण्यात आले. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने विक्रेत्याचे दरपत्रक पाहताना यंत्राबरोबर पाते पकडण्याची चौकट, चाक साफ करण्याचे साधन व एक जादा चाक येते किंवा नाही हे पाहावे. ही तीन नसतील तर कर्जाऊ आणलेले यंत्र कोपऱ्यात पडून राहते आणि हप्ते मात्र चालू राहतात.

दुकानात तपासणी

यंत्र पाहावयास जाताना स्वतःचे एक बोथट पाते बरोबर न्यावे. दुकानदाराच्या पात्यावर समाधान मानू नये. घासण्यापूर्वी उतरणीवर काळ्या शाईचा पातळ थर द्यावा. एक-दोन फेऱ्यांनंतर शाई सर्वत्र सारखी निघाली तर कोन व पकड बरोबर आहे. एकाच टोकाची निघाली तर पाट तिरका आहे. धार पूर्ण झाल्यावर पात्याची रुंदी दोन्ही टोकांस व मध्यभागी व्हर्नियरने मोजावी. पाच शतांश, म्हणजे ०.०५ मिलिमीटरहून अधिक फरक आढळल्यास यंत्र नाकारावे. पोलादी सरळपट्टी कडेवर ठेवून उजेडाकडे धरावे. मध्ये फट दिसता कामा नये. सरकता पाट हाताने वरखाली हलवून पाहावा. त्यात खुळखुळ असेल तर ती पुढे वाढतच जाते.

कोन बदलण्याची सोय असणे आवश्यक आहे. वाळलेल्या कठीण लाकडासाठी पात्याची उतरण साधारणतः ३५ ते ४० अंशांची ठेवतात. त्याहून बारीक कोन सुरुवातीस फार तीक्ष्ण वाटतो, पण गाठीवर कड तुटते. बिजाच्या लाकडाचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात व ते सपाट रंधताना हमखास उपटतात. अशा लाकडासाठी पात्याच्या समोरील सपाट बाजूस अगदी अरुंद उलटी उतरण दिली तर उपटणे कमी होते. ज्या यंत्रावर ही उलटी उतरण देता येते ते बालाघाट, गोंदियाकडील कारागिरास अधिक उपयोगाचे.

विजेचा दाब खेड्यांतून संध्याकाळी उतरतो. त्यावेळी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर सुरू होण्यासच कण्हते. शक्य तर गावच्या विजेवर व पाते टेकवून चालवून दाखविण्याची अट घालावी. ओल्या यंत्राजवळ पाणी आणि वीज एकत्र येतात. तेथे पक्की अर्थिंग नसेल तर यंत्र बसवूच नये.

चाकाची सुरक्षितता

सहाणचाक फुटणे हा या कामातील सर्वांत भयंकर अपघात होय. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३० व्या कलमात प्रत्येक सहाणयंत्राजवळ चाकाच्या सुरक्षित कमाल वेगाची सूचना लावण्याची तरतूद करण्यात आली होती, आणि ३५ व्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची. दोन माणसांच्या कारखान्यास असा कायदा लागू असो वा नसो, चाकाला तो ठाऊक नसतो. नवे चाक बसविण्यापूर्वी ते बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. धड चाक घणघणते, तडकलेले बद्द वाजते. चाकावर छापलेला कमाल वेग मोटरीच्या वेगाहून अधिक असला पाहिजे. दोन्ही बाजूंस पुठ्ठ्याच्या चकत्या असाव्यात. बसविल्यानंतर बाजूला उभे राहून चाक निदान एक मिनिट रिकामे फिरू द्यावे. टेकणी व चाक यांत ३ मिलिमीटरहून अधिक अंतर राहू देऊ नये, अन्यथा पाते त्या फटीत खेचले जाते. सहाणीवर हातमोजे घालण्याची सवय चांगली नव्हे. मोजा चाकात अडकला की हातही जातो. चष्मा मात्र सदैव हवा.

हायस्पीडचे पाते तापल्यास ते एकदम पाण्यात बुडवू नये. त्याने कडेवर डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा पडतात. एक तर अखंड पाणी असावे, नाहीतर हलका स्पर्श देत हवेतच निवू द्यावे. साध्या कार्बन पोलादाचे पाते मात्र दर दोन-तीन स्पर्शांनंतर पाण्यात बुडवीत राहावे. शाळांतील हस्तोद्योग शिक्षकांनी हा भेद मुलांस दाखविण्यासाठी जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा चिमट्यात धरून तापवावा व पिवळा, तांबूस, जांभळा, निळा असे रंग क्रमाने कसे चढतात ते पाहू द्यावे. निळा रंग आल्यानंतर तोच तुकडा कानसीने सहज कापला जातो, आणि पाणी उतरणे म्हणजे काय, ते निराळे सांगावे लागत नाही.

प्रत्येक धारेगणिक पाते थोडे अरुंद होत जाते. रुळात पाते घट्ट पकडण्यासाठी लागणारी किमान रुंदी यंत्राच्या उत्पादकाने ठरवून दिलेली असते. ती यंत्रावर रंगाने लिहून ठेवावी व त्याखाली गेलेला संच मोडीत काढावा. अशा पात्यांचे पोलाद चांगले असते. त्याच्या पटाश्या व कोरणी उत्तम होतात, फक्त ते पुन्हा रुळात जाऊ नये म्हणून आधीच दोन तुकडे करून ठेवावे.